उतरू नका, कॉफी घ्या

आमच्या ह्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मी आधी घोटभर पाणी पिऊन घेते. राग आला की माझा घसा कोरडा पडतो, आणि ह्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे राग येणारच.

ह्यांचं नाव हेमकांत. गाव कोरीट, तापीकाठचं. घरी केळी, कापूस, सासरे चुनीलाल, सासूबाई दगूबाई, सगळं नीट चाललेलं. पण नीट चाललेलं ह्यांना बघवत नाही. लग्नाआधी सुरतला पार्सलची गाडी चालवायचे. तिथून परत आले ते डोक्यात एक खूळ घेऊनच. ड्राइव्ह-थ्रू कॉफी! म्हणजे गाडी यायची, खिडकीशी थांबायची, आतल्या माणसानं आतूनच कॉफी घ्यायची आणि चालू पडायचं. गाडीतून कोणी उतरायचं नाही. जेवताना, झोपताना, शेतात पाणी देताना, ह्यांच्या तोंडी तेच.

सासरे एवढंच म्हणाले, "अरे, आपला भागमा लोके चहा पितस."

"म्हणूनच तर कॉफी," हे म्हणाले. सासरे उठून गुरांकडे गेले.

जागा बघितली अक्कलकुव्याला, गुजरातच्या रस्त्यावर. तिथं इद्रिसभाईचं वेल्डिंगचं दुकान आहे, खिडक्यांचे गज, शटर, ट्रॉल्या असली कामं. दुकानाशेजारची मोकळी जागा त्यांचीच. ती आम्ही भाड्यानं घेतली आणि केबिनही त्यांच्याकडूनच बनवून घेतली. आम्ही दोघं अक्कलकुव्यातच खोली करून राहायला लागलो. नकाशा काढला ह्यांनी, मोबाइलवर बाहेरदेशातले व्हिडिओ बघून बघून. इद्रिसभाई शहाणा माणूस. त्यांनी नकाशातल्या खिडकीवर बोट ठेवून विचारलंसुद्धा, "हेमकांतभाऊ, खिडकी आठेच कसाले?"

"व्हिडिओत तशीच आहे."

झालं. व्हिडिओत आहे म्हटल्यावर देवही काही करू शकत नाही. केबिन उभी राहिली, खाली काँक्रीट भरलं, नारळ फुटला, आणि पहिली गाडी आली. गाडी खिडकीशी लागली तेव्हा माझ्यासमोर ड्रायव्हर नव्हताच. त्याची बायको होती. ड्रायव्हर पार पलीकडे. तो बिचारा बायकोच्या अंगावरून आडवा झाला, कॉफीला हात घातला, आणि अर्धी कॉफी तिच्या साडीवर. ती किंचाळली, तो तिच्यावरच ओरडला, मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. कप्पाळ माझं! बाहेरदेशात ड्रायव्हर डावीकडे बसतो, एवढी गोष्ट ह्या माणसाच्या ध्यानात आली नाही, आणि हा माणूस सुरतेत गाडी चालवायचा! डावी-उजवी बघूनच चालवत असेल ना?

मी म्हटलं, "आता काय करायचं?"

"मुद्दाम ठेवलीय," हे म्हणाले. "वेगळी पद्धत आहे ही."

काँक्रीट भरलेलं होतं, त्यामुळे वेगळी पद्धत तशीच राहिली.

खिडकीत बसायची मी. कारण हे रस्त्याच्या कडेला हिरवं फडकं घेऊन उभे राहायचे, येणाऱ्या गाड्यांना आत बोलवायला. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. लोकांना वाटायचं, पुढं रस्ता बंद आहे, म्हणून आत वळायचे. आत वळल्यावर कॉफी दिसायची. मग चिडून का होईना, घ्यायचे. वर हा एवढा मोठा बोर्ड, लाल अक्षरात, ह्यांनी स्वतः रंगवलेला: 'उतरू नका, कॉफी घ्या.'

तर खिडकी डावीकडे असल्यामुळे माझ्यासमोर सदान् कदा बायकाच यायच्या. पुढच्या सीटवर डावीकडे कोण बसतं? कोणाची आई, कोणाची बायको, मांडीवर पोर घेतलेली कोणी. पलीकडून पुरुष ओरडायचा, "चार कॉफी!" गाडीत माणसं आठ. मी विचारायची, "ताई, तुम्हाला?" ताई म्हणायची, "नको." मागच्या सीटवरच्या म्हणायच्या, "आम्हाला पण नको." कप त्यांच्याच हातून पलीकडे जायचे. वास घ्यायच्या, फेस बघायच्या, आणि कप पुढं सरकवायच्या. आमच्याकडे कॉफी म्हणजे लग्नातली, वर फेस, त्यावर चॉकलेटची भुकटी. मी तशीच करायची. कोणाला आवडणार नाही? तरी नको.

हे हैराण. "बाया का पीत नाहीत?" साखर वाढवून बघितली. भुकटी वाढवली. मग छोटे कप आणले, त्यावर गुलाबाचं फूल. लेडीज कप म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला.

मी काही मुकी नव्हते. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "अहो, बायका पीत नाहीत कारण प्यायल्यावर पुढं जायचं कुठं? पार गुजरातपर्यंत बाईमाणसाला सोय आहे का कुठं? इथं मागं एक बाथरूम बांधा, मग बघा."

तर हे हसले. लहान पोराला समजवावं तसं मला समजवायला लागले. "अगं दिपाली, ही ड्राइव्ह-थ्रू आहे. ड्राइव्ह-थ्रूमध्ये उतरायचंच नसतं. बाथरूम कशाला?"

आणि बोर्डाकडे बोट.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण बाकीच्या बायकांचं सोडा, मी कुठं जायची? सकाळी शटर वर केलं की संध्याकाळपर्यंत मी त्या पत्र्याच्या केबिनीत. मागं नाला, पुढं हमरस्ता, बाजूला वेल्डिंगचे गडी. ह्यांना लागली की हे पुलापलीकडे जायचे, शीळ वाजवत परत यायचे, आणि खिडकीत डोकावून विचारायचे, "काय, धंदा कसा काय?" मला तो गरम कॉफीचा जग त्यांच्या टोपीवर उपडा करावासा वाटायचा.

इद्रिसभाईची बायको अकिलाभाभी म्हणायची, माझ्या घरी येत जा. पण तिचं घर बसस्टँडच्या पलीकडे, आमची खोली त्याहूनही लांब. तिथं जायचं म्हणजे खिडकी बंद करायची, स्कुटी काढायची, गर्दीतून जायचं, यायचं. एकदोनदा गेले. ह्यांचं तोंड असं झालं, "आत्ता? गर्दीच्या वेळी?" जसं काही मी सिनेमाला चालले होते. मग मी जाणं सोडलं आणि पाणी पिणं सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, बस. दिवसभर कॉफी फेटायची, कॉफी ओतायची, कॉफीच्या वाफेत बसायचं, आणि एक घोट घ्यायचा नाही. आमच्या दुकानाच्या कॉफीची चव कशी आहे, हे मला लोकांच्या तोंडाकडे बघून कळायचं.

समोरच्या बायकांना माझ्या तोंडाकडे बघून कळायचं की काय कोण जाणे. कप पुढं सरकवता सरकवता हळूच वाकून विचारायच्या, "ताई, मागं काही सोय आहे का?" लुगड्यातल्या विचारायच्या, ड्रेसमधल्या विचारायच्या, बुरख्यातल्या विचारायच्या, डोंगरातून आलेल्या पावरा बायका नुसत्या हातानं विचारायच्या. मी मान हलवायची. काच वर जायची. गाडी निघून जायची.

हे मी ह्यांना सांगायची तर म्हणायचे, "मला तर कोणी कधी विचारलं नाही."

अहो, तुम्हाला कोण विचारणार? शिट्टीवाल्याला?

पुढं व्हायचं तेच झालं. आग व्हायला लागली, ताप भरला, थंडी वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि रागावूनच विचारलं, "पाणी पीत नाहीस का अजिबात?" हे शेजारीच उभे. मला वाटलं, आता तरी ह्यांच्या डोक्यात उजेड पडेल. मान डोलावली त्यांनी, सगळं गंभीरपणे ऐकलं. आणि बरी होऊन मी केबिनीत परत आले तर काय? खिडकीजवळ खिळ्याला नवी कोरी पाण्याची बाटली. मोठी. वर विणलेलं कव्हर. "आता पीत जा भरपूर," म्हणाले. बाटली आणली! अहो, पाणी आत जायची अडचण कधी होती? हसावं की रडावं मला कळेना. माणूस वाईट नाही हो, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.

तेवढ्यात डोंगरातल्या काठी गावची होळी जवळ आली. रस्त्यावर गाड्यांची रीघ, गुजरातकडून येणाऱ्या, नंदुरबारकडून येणाऱ्या. हे फडकं हलवून हलवून दमले. त्याच गर्दीत एक दिवस कोरीटहून जीप आली. सासरे, त्यांचा एक मित्र चालवायला, आणि डावीकडे सासूबाई. गुजरातेत सासूबाईंच्या भावाकडे चालले होते. पोरानं दुकान टाकल्यापासून सासूबाई पहिल्यांदाच येत होत्या.

ह्यांच्या अंगात नुसतं वारं शिरलं. फडकं फेकलं, शिट्टी काढली, धावत केबिनीत आले, मला बाजूला केलं. "सरक, मायची कॉफी मी करणार." दूध स्वतः फेटलं. फेस कपाच्या वर आला तरी थांबेनात. भुकटी टाकली, गुलाबाचा कप, खाली बशीसुद्धा ठेवली. खिडकीतून दोन्ही हातांनी पुढं केला.

"माय, ले."

सासूबाईंनी कपाकडे बघितलं. पोराकडे बघितलं. "नको रे भाऊ."

"अशी कशी नको? मन्हा दुकाननी पहिली कॉफी शे तुन्ही."

"नको ना रे. परतीमा बघू."

सासऱ्यांनी एक घेतली, मित्रानं एक घेतली, वर ह्यांनी आईसाठी केलेली तीसुद्धा मित्रानंच संपवली. हे पैसे नको, पैसे नको करत पलीकडच्या बाजूला गेले, तेव्हा सासूबाई माझ्याकडे वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आठे काही सोय शे का व, दिपाली?"

"नही ना, माय."

त्यांनी पदर आवळला, पाय जवळ घेतले आणि समोर बघत बसल्या. जीप निघून गेली.

हे केबिनीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात रिकामी बशी. चेहरा एवढासा झालेला. "मी शेती सोडली, त्याचा राग आहे तिला," म्हणाले. "बापानं घेतली कॉफी, आईनं नाही घेतली. सख्ख्या आईनं, दिपाली." आणि खरंच सांगते, डोळ्यांत पाणी.

माझा सगळा राग तिथंच फुटला. मागं गाड्या भोंगे वाजवत होत्या, वाजवू दे म्हटलं. "राग नाही न् काही नाही! तुमच्या आईला लघवीला जायला जागा नव्हती, म्हणून तिनं तुमची कॉफी घेतली नाही. कळलं? भावाच्या घरी पोचेपर्यंत ती तशीच बसून जाणार आहे. तुमच्या दुकानाच्या दारात येऊन! मी सांगून सांगून थकले. बायका रोज मला विचारतात, रोज मी नाही म्हणते, आणि तुम्ही मला बाटली आणून देता!"

वेल्डिंगचे गडी काम थांबवून बघत होते. ह्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "मग तू?"

"मी काय?"

"तू दिवसभर... तू कुठं जातेस?"

माझ्याशी लग्न झालेला माणूस, एकाच केबिनीत माझ्यासोबत धंदा करणारा, हे आता विचारत होता. मी म्हटलं, "जात नाही." आणि खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आलं होतं आणि पुढच्या गाडीतली बाई बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इद्रिसभाईला कामाला लावलं. खड्डा खोदला, भांडं बसवलं, पत्र्याची खोली उभी राहिली. मी खूश. संध्याकाळी बघायला गेले तर दार हमरस्त्याकडे! वर दिवा. दिव्याखाली बोर्ड, तीच लाल अक्षरं, 'महिलांसाठी सोय.' येणारा-जाणारा प्रत्येक ट्रकवाला वाचेल असा. आतून कडी नाही. म्हणजे कडी होती, पण बाहेरून.

अकिलाभाभी माझ्यासोबत आलेली. ती इतकी हसली की खाली बसली. मग उठून नवऱ्यावर जी घसरली! "रस्त्यावरच्या सगळ्यांसमोर बाई आत जाणार? आणि हे दोघं काय, फीत कापणार? दार फिरवा मागं!" इद्रिसभाई म्हणाले, हेमकांतभाऊंनी सांगितलं तसं केलं. हे म्हणाले, लोकांना दिसायला नको का? दार मागं फिरलं, समोर आडपडद्याला पत्रा लागला, कडी आतून बसली, पाण्याची टाकी आली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आमच्या दुकानाची कॉफी प्याले. पूर्ण कप. फारच गोड होती हो! इतके दिवस लोक कशी पीत होते कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून साखर कमी केली.

आणि मग धंदा जो वाढला! बायका त्या 'उतरू नका' बोर्डाखालीच हसत हसत उतरायला लागल्या. मागं जाऊन यायच्या, तोंडावर पाणी मारायच्या आणि खिडकीशी येऊन म्हणायच्या, "ताई, आता मला पण द्या." त्या येईपर्यंत पुरुष थांबायचे, थांबले की दुसरा कप मागायचे. पोरं बिस्किटं मागायची. गाड्यांची रांग ठप्प. हे शिट्टी फुंकून फुंकून लाल. "अहो, उतरू नका! बोर्ड वाचा!" शेवटी मुकाट्यानं बाजूला गाड्या लावायची जागा केली. महिन्याभरात अशी गत झाली की बायकाच नवऱ्यांना सांगायच्या, आता अक्कलकुव्याशिवाय कुठं थांबू नका. सासूबाई तर होळी झाल्या झाल्याच परतीच्या वाटेवर आल्या, आधी मागं जाऊन आल्या, मग दोन कप प्याल्या. ह्यांनी तिसरा करायला घेतला तेव्हा मीच हात धरला.

आता हे लग्नाकार्यात बसले की पाहुण्यांना काय सांगतात? "मी मुद्दाम खिडकी डावीकडे ठेवली. तीच आयडिया." मी समोर असते. मी पाणी पिते.

हे इतकं सगळं झाल्यावर माणूस शिकला असेल, असं वाटणार ना? मलाही वाटलं. मागच्याच आठवड्यातली गोष्ट. म्हसावदला दुसरं दुकान टाकायचं ठरलं. शहाद्याकडचं मोठं गाव, उसाचे ट्रॅक्टर, रस्त्याला वर्दळ. हे आम्हा सगळ्यांना जागा दाखवायला घेऊन गेले. मी, सासूबाई, इद्रिसभाई. अक्कलकुव्याच्या दुकानातून थर्मासभर कॉफी, शकुनाची म्हणून. इद्रिसभाईंनी घमेल्यातनं पांढरी फक्की घेऊन जमिनीवर रेघा मारल्या आणि हे त्या रेघांमधून फिरत बोलायला लागले. ही केबिन. ही खिडकी, आता उजवीकडे, अनुभव आलाय ना. ही गाड्यांची रांग. ही ट्रॅक्टरची वेगळी. इथं बोर्ड.

मी सगळ्या रेघा फिरले. दोनदा फिरले. "आणि ते?"

"ते काय?"

"बाथरूम."

हे अगदी सहज म्हणाले, "अगं, इथं तू थोडीच बसणार आहेस? इथं दोन गडी ठेवणार आहे मी."

म्हणजे ते अक्कलकुव्याचं बाथरूम ह्यांनी बायकोसाठी बांधलं होतं. आईसाठी बांधलं होतं. त्यात माया होती, मी नाही म्हणत नाही. पण वाकून वाकून विचारणाऱ्या त्या सगळ्या बायका? त्या कोणाच्याच कोणी नव्हत्या? ज्यांच्यामुळे आज म्हसावदला रेघा मारायला आलो, त्या ह्यांना अजून दिसल्याच नव्हत्या.

मी इद्रिसभाईच्या हातातलं घमेलं ओढून घेतलं. ह्यांनी आखलेल्या केबिनीच्या मधोमध फक्कीचा चौकोन काढला. चांगला ऐसपैस.

"अगं, अगं! मग खिडकी कुठं येणार?"

"राहिलेल्या जागेत."

इद्रिसभाई दुसरीकडे बघून हसले. ह्यांनी मदतीला आईकडे बघितलं. थर्मास उघडला, कपात कॉफी ओतली, दोन्ही हातांनी पुढं केली. "माय, तू तरी ले. शकुननी शे."

सासूबाईंनी त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघितलं, मग कपावर हात आडवा धरला. "हाई उभं ऱ्हाऊ दे पहिले. मंग पिसू."

ह्यांनी कॉफी परत थर्मासमध्ये ओतली, माझ्या हातातलं घमेलं घेतलं, खाली वाकले आणि चौकोनाला दार आखायला लागले. मला बरं वाटलं. क्षणभरच. कारण दार आखलं रस्त्याच्या बाजूला.

रागानं माझा घसा कोरडा पडला. पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, आणि न पिता तशीच बंद करून परत ठेवली. म्हसावदला अजून सोय कुठं होती?